जाळे, हद्द आणि हक्क : महाराष्ट्राच्या किनारी समुद्रातील जाळ्यांचे नियमन व मच्छीमार समाजाची मते – एक चिकित्सा

सारांश : महाराष्ट्राच्या किनारी समुद्रातील मासेमारीचे वैधानिक नियमन १९८१ च्या अधिनियमापासून सुरू झाले आणि २०१६ व २०२१ मध्ये ते अधिक कठोर झाले. या नियमनाविषयी मच्छीमार समाजाची मते एकसारखी नाहीत. ती हातातील जाळ्यानुसार बदलतात. तथापि या भिन्न मतांच्या मुळाशी एकच प्रश्न आढळतो, तो म्हणजे समुद्रातील मासळी कोणाच्या वाट्याला यावी हा. कायद्याच्या हेतूंमध्ये हा प्रश्न अग्रस्थानी असला, तरी कायद्याच्या साधनांमध्ये त्याला स्थान मिळालेले नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : सागरी मासेमारी नियमन, रापण, डोल, दालदा, पर्ससीन, पारंपरिक मच्छीमार, सामाईक संपत्ती.

१. प्रस्तावना

झाईपासून बांद्यापर्यंत पसरलेला आणि अनेक वर्षे ७२० किलोमीटर लांबीचा म्हणून सांगितला जाणारा महाराष्ट्राचा किनारा हा एकजिनसी प्रदेश नाही. उत्तरेकडे पालघर, मुंबई व रायगड परिसरात कोळी, मांगेला, वैती हे समाज, तर दक्षिणेकडे रत्नागिरी व सिंधुदुर्गात खारवी, दालदी, गाबीत, भंडारी हे समाज मासेमारीत आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेनुसार राज्यात ४५६ सागरी मच्छीमार गावे असून त्यांत ८१ हजारांहून अधिक मच्छीमार कुटुंबे राहतात. तळाची खोली, भरती-ओहोटीचा जोर, मासळीच्या जाती आणि त्यांना अनुरूप अशी जाळी या सर्व बाबतींत किनाऱ्याचे हे दोन भाग परस्परांपासून भिन्न आहेत.

असे असतानाही शासकीय अहवाल, वृत्तपत्रे आणि कित्येकदा अभ्यासकांचे लेखनही ‘मच्छीमार समाजाचे मत’ असा एकवचनी प्रयोग करते. बंदी आली की ‘मच्छीमार नाराज’ होतात आणि बंदी उठली की ‘मच्छीमार समाधानी’ असतात. या वर्णनातून नियमनाविषयीचा खरा वाद झाकला जातो. नियमन हवे की नको, हा त्या वादाचा विषय क्वचितच असतो. कोणाच्या जाळ्यावर, कोणत्या पाण्यात, कोणत्या महिन्यात आणि कोणी करावयाचे नियमन, हा तो विषय आहे. या मतांची चिकित्सा केल्याशिवाय कायद्याच्या यशापयशाचे मूल्यमापन अपुरे राहते. या मतांच्या आधारे विद्यमान नियमनाच्या तर्काचे परीक्षण करणे आणि त्याबरोबरच या मतांच्याही मर्यादा दाखविणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२. कायद्याची घडण व त्यामागील तीन हेतू

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे, तर प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी संघसूचीत समाविष्ट आहे. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक केंद्रीय कायद्याने प्रादेशिक जलधीची मर्यादा १२ सागरी मैल आणि अनन्य आर्थिक क्षेत्राची मर्यादा २०० सागरी मैल निश्चित केली. मासळीला अर्थातच ही सीमा ज्ञात नसते. बांगड्याचा थवा सकाळी केंद्राच्या पाण्यात आणि सायंकाळी राज्याच्या पाण्यात असू शकतो. नियमनातील अनेक अडचणींचा उगम या विभागणीत आहे.

सागरी मासेमारीविषयक राज्य कायद्यांचा जन्म एका संघर्षातून झाला. यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिरल्यावर १९७० च्या दशकात गोव्यातील रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले. माथानी साल्ढाणा हे त्या आंदोलनाचे एक प्रमुख नेते होते. केरळ व तामिळनाडूच्या किनाऱ्यांवरही याच काळात पारंपरिक व यांत्रिक मच्छीमारांमध्ये चकमकी झाल्या. या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने १९७९ मध्ये राज्यांसाठी एक नमुना विधेयक प्रसृत केले. केरळ व गोवा यांनी १९८० मध्ये, तर महाराष्ट्राने १९८१ मध्ये त्यानुसार कायदे केले.

या नमुना विधेयकात नियमनाचे तीन प्रमुख हेतू दिसतात. पहिला, मासेमारीत गुंतलेल्या विविध घटकांच्या, विशेषतः पारंपरिक नौकांवर उपजीविका करणाऱ्यांच्या हिताचे रक्षण. दुसरा, मत्स्यसाठ्याचे संवर्धन व शास्त्रीय आधारावर मासेमारीचे नियमन. तिसरा, समुद्रातील कायदा व सुव्यवस्था राखणे. पहिला हेतू न्याय्य वाटपाचा, दुसरा विज्ञानाचा आणि तिसरा शांततेचा आहे. या हेतूंचा क्रमही लक्षणीय आहे, कारण कायद्याने प्रारंभीच हे मान्य केले होते की समुद्रातील प्रश्न केवळ मासळी घटण्याचा नसून ती कोणाकडून कोणाकडे जाते याचाही आहे. पुढील साडेचार दशकांत या तीन हेतूंपैकी कोणता पाळला गेला, हा चिकित्सेचा मध्यवर्ती मुद्दा ठरतो.

महाराष्ट्रातील नियमनाचा पुढील प्रवास थोडक्यात असा सांगता येईल. आरंभीच्या आदेशांनी ट्रॉलिंगला किनाऱ्यालगतच्या ठरावीक वाव खोलीपर्यंत मनाई केली. डॉ. वि. शं. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश निघाला. नवे परवाने थांबविणे, अस्तित्वातील परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणणे आणि पर्ससीनचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच ठेवणे, ही त्याची मुख्य सूत्रे होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने अध्यादेशाद्वारे १९८१ च्या अधिनियमात सुधारणा केली आणि विनापरवाना पर्ससीनसाठी १ लाख ते ६ लाख रुपये, तर एलईडी मासेमारीसाठी ५ लाख ते २० लाख रुपये दंडाची तरतूद केली. पूर्वी तहसीलदारांकडे असलेले अभिनिर्णयाचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी अधिसूचित झाली आणि जानेवारी २०२५ पासून ड्रोनद्वारे टेहळणी सुरू करण्यात आली.

३. जाळे तसे मत

मच्छीमार समाजातील मतभेदांचे वर्गीकरण जात, धर्म वा जिल्हा यांच्या आधारे करण्यापेक्षा जाळ्याच्या आधारे केल्यास ते अधिक स्पष्ट होते. जाळे हे केवळ अवजार नसते. किती माणसे लागतात, किती भांडवल गुंतते, कोणत्या पाण्यात जावे लागते आणि मिळकत कशी वाटली जाते, हे सर्व जाळे ठरवीत असते.

३.१ रापण : मालवण–वेंगुर्ले पट्ट्यातील रापण हे किनाऱ्यावरून ओढले जाणारे जाळे आहे. होडीतून अर्धवर्तुळाकार टाकलेले हे जाळे दोन्ही टोकांनी वाळूवर उभ्या असलेल्या माणसांनी ओढावयाचे असते. जाळ्याचे भाग अनेक कुटुंबांच्या मालकीचे असतात, ओढण्याचे श्रम सामूहिक असतात आणि मासळीचे वाटे पडतात. रापणीला समुद्राकडे जाता येत नाही, मासळी तिच्याकडे यावी लागते. म्हणून किनाऱ्याकडे येणारा बांगडा-तारलीचा थवा वाटेतच वेढला गेला, तर रापणकराकडे दुसरा उपाय उरत नाही. त्याचे मत यातूनच घडते. त्याला पर्ससीनवर बंदी हवी असते आणि ती अंतराच्या भाषेत हवी असते. या मागणीत मत्स्यसंवर्धनाचा मुद्दा असतो, परंतु तिचा गाभा असा की एका नौकेने एका फेरीत उचललेली मासळी एरवी अनेक घरांत गेली असती.

३.२ दालदा : सातपाटी, डहाणू परिसरातील दालदा म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे, प्रवाहाबरोबर सरकणारे जाळे. पापलेटसाठी ते प्रसिद्ध आहे. आसाचा आकार मोठा असल्याने लहान मासा त्यातून निसटतो. त्यामुळे दालदाधारकांचे मत आसाच्या व माशाच्या किमान आकाराच्या नियमांना सर्वाधिक अनुकूल असते. २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्य माशाचा दर्जा मिळाला, तो या पट्ट्यातील मच्छीमारांच्या आग्रहाशी सुसंगतच होता. येथे मत आणि हित एकाच दिशेने जातात, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे. आसाचा नियम दालद्याला काहीच तोशीस देत नाही.

३.३ डोल : वसई, उत्तन, मढ, वेसावे आणि रायगडच्या पट्ट्यातील डोल हे समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधलेले, भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालणारे पिशवीसारखे जाळे आहे. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही त्याची मुख्य मासळी. खुंटांच्या जागेला कव म्हणतात आणि कोणाची कव कोठे, याविषयीचे संकेत गावोगावी चालत आले आहेत. जवळ्यासारखी सूक्ष्म मासळी धरावयाची असल्याने डोलीचा शेवटचा भाग, म्हणजे खोला, अत्यंत बारीक आसाचा असतो. साहजिकच आसाचा आकार वाढविण्याच्या नियमाला डोलधारकांचा विरोध असतो. मोठ्या आसाच्या खोल्यात जवळा राहणारच नाही, हा त्यांचा युक्तिवाद वस्तुस्थितीला धरून आहे. तथापि त्याच बारीक आसात पापलेटसह अन्य जातींची पिल्लेही अडकतात, हेही तितकेच खरे आहे.

यांत्रिकीकरणानंतर कवी अधिकाधिक खोल पाण्यात जाऊ लागल्या. दालद्याची वाहती जाळी या खुंटांत अडकून फाटू लागली आणि वसई–उत्तन व सातपाटी–डहाणू या दोन पट्ट्यांतील मच्छीमारांमध्ये हद्दीचा दीर्घकालीन वाद निर्माण झाला. दोन्ही बाजू पारंपरिक, दोन्ही बाजू कष्टकरी आणि दोन्ही बाजूंकडे परंपरेचा आधार, असे या वादाचे स्वरूप आहे. ‘पारंपरिक विरुद्ध यांत्रिक’ या सुलभ मांडणीत हा वाद बसत नाही, म्हणून चर्चेतही तो मागे पडतो.

३.४ पर्ससीन : पृष्ठभागाजवळील थव्याला वेढून खालची दोरी आवळणारे हे जाळे मोठे भांडवल, शक्तिशाली नौका आणि पंचवीस-तीस खलाशांचा ताफा मागते. पर्ससीनधारकांचे मत बहुधा स्वार्थ म्हणून बाजूला सारले जाते, मात्र त्यातील तीन मुद्दे दुर्लक्षणीय नाहीत. एक, थवे स्थलांतर करणारे असल्याने महाराष्ट्राच्या नौकांना आवर घातला तरी शेजारच्या राज्यांतील नौका तीच मासळी पकडतात. दोन, १२ सागरी मैलांपलीकडील पाणी केंद्राच्या अखत्यारीत असताना तेथे जाण्यासाठी व मासळी उतरविण्यासाठी राज्याचेच पाणी व राज्याचेच बंदर वापरावे लागते, त्यामुळे राज्याची बंदी प्रत्यक्षात केंद्राच्या पाण्यातही लागू होते. तीन, परवाने आणि कर्जे एकेकाळी शासकीय यंत्रणेच्या संमतीनेच मिळाली होती. यांपैकी दुसऱ्या मुद्द्याची दखल न्यायालयानेही घेतली आहे. तामिळनाडूतील पर्ससीन बंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेशाद्वारे १२ सागरी मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस, ठरावीक वेळेत आणि अटींसह, अशा मासेमारीस अनुमती दिली.

या चारही मतांची तुलना केल्यास असे दिसते की नियमनाला तत्त्वतः विरोध करणारा गट जवळपास नाही. प्रत्येक गटाला नियमन हवे आहे, परंतु ते शेजारच्या जाळ्याचे. याला केवळ दांभिकता म्हणणे उथळपणाचे ठरेल. प्रत्येक जाळ्याला समुद्राचा एक वेगळा भाग दिसतो आणि मत त्या भागापुरते प्रामाणिक असते.

४. न विचारलेली मते

‘समाजाचे मत’ म्हणून जे पुढे येते ते सामान्यतः नौकामालकाचे आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्याचे मत असते. निवेदनावर सही त्याची असते, सुनावणीला हजर तो राहतो. या प्रक्रियेत दोन घटक वगळले जातात.

पहिला घटक खलाशांचा. मोठ्या नौकांवर आज स्थानिकांबरोबर अन्य राज्यांतील तसेच नेपाळमधील खलाशी काम करतात. उत्तर किनाऱ्यावर आदिवासी मजुरांची संख्याही लक्षणीय आहे. हंगाम चार महिन्यांचा झाला, की नौकामालकाचा नफा घटतो आणि खलाशाचे काम संपते. मालक दुसरे जाळे चढवू शकतो, खलाशी गावी परततो. बंदीकाळाच्या साहाय्याचे निकष स्थानिक संस्थेच्या सभासदत्वाशी जोडलेले असल्यास हा घटक त्यांच्या कक्षेबाहेरच राहतो. त्याचे मत नियमनाच्या बाजूचे असेल की विरोधातील, हे ठामपणे सांगता येत नाही, कारण ते विचारण्याची व्यवस्थाच नाही.

दुसरा घटक स्त्रियांचा. नौका किनाऱ्याला लागल्यानंतरचा व्यवसाय, म्हणजे निवड, लिलावातील खरेदी, सुकवणी, डोक्यावरील पाटी आणि बाजारातील विक्री, मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हाती आहे. जाळ्याच्या नियमाचा परिणाम त्यांच्या मिळकतीवर थेट होतो. डोलीचा जवळा व बोंबील सुकवून पावसाळ्याची बेगमी होते. हा सुका माल कमी आला, तर पुरुषाच्या होडीइतकाच स्त्रीचा ओटाही रिकामा राहतो. उलटपक्षी पर्ससीनची मासळी एकरकमी व्यापाऱ्याच्या वाहनात चढत असल्याने किरकोळ विक्रेतीपर्यंत तिचा लहानसा भागच पोहोचतो. याचा अर्थ असा की ‘किती मासळी पकडली’ एवढेच पाहून चालत नाही. ‘कोणत्या जाळ्याची मासळी कोणत्या हातांतून जाते’ हेही नियमनाने पाहावयास हवे. हा प्रश्न स्त्रियांच्या अनुभवातून सर्वाधिक स्पष्ट होतो आणि धोरणात तो सर्वात कमी उमटतो.

५. नियमनाच्या भाषेची चिकित्सा

विद्यमान नियमनाची भाषा मोजमापाची आहे. आसाचा आकार मिलिमीटरमध्ये, अंतर सागरी मैलांत, खोली वावांत, दंड रुपयांत आणि हंगाम तारखांत व्यक्त होतो. कायद्याला मोजमाप आवश्यकच असते आणि मोजमापाविना अंमलबजावणी मनमानी ठरते, हे मान्य करावे लागते. अडचण अशी की मच्छीमारांच्या मतांतील मुख्य आशय या मापांत उतरत नाही. रापणकर जेव्हा ‘पर्ससीन लांब ठेवा’ म्हणतो, तेव्हा तो अंतराच्या रूपात वाट्याविषयी बोलत असतो. कायदा मात्र त्यातील अंतर तेवढे ऐकतो.

बंदीच्या दिनांकांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पूर्वी महाराष्ट्रातील पावसाळी बंदी १० जूनला सुरू होऊन १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी आधी येणाऱ्या दिवशी संपत असे. शासनाच्या आदेशात समाजाच्या पंचांगाला मिळालेले हे स्थान असाधारण होते. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी न लोटण्याचा संकेत धर्माचा होता, तसाच उधाणलेल्या समुद्राच्या आणि विणीच्या हंगामाच्या अनुभवाचाही होता. शिवाय त्या दिवशी सारे एकाच वेळी समुद्रावर जात, त्यामुळे पहिल्या मासळीवर कोणा एकाचा अग्रहक्क राहत नसे. पुढे सर्व पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असा एकसमान ६१ दिवसांचा बंदीकाल ठरला. राज्याराज्यांतील तफावत दूर करण्यासाठी ही एकसमानता आवश्यक होती, कारण शेजारी राज्य आधी समुद्रात उतरले तर आपल्या नौका बांधून ठेवण्यात अर्थ नसतो. परंतु या बदलात बंदीचा शेवट बहुतेक वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी आला आणि समाजाने स्वतःहून पाळावयाची मर्यादा ही शासनाने पाळावयास लावलेली मर्यादा झाली. काही पारंपरिक मच्छीमारांकडून बंदीकाल १५ ऑगस्टपर्यंत वाढविण्याची मागणी वेळोवेळी होते, ती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. अधिक कठोर नियमाची मागणी नियमनाखाली असलेल्या घटकानेच करावी, ही घटना धोरणकर्त्यांना अंतर्मुख करणारी आहे.

दंडाच्या तरतुदींविषयीही असेच म्हणता येईल. लाखो रुपयांचा दंड मोठ्या नौकेला जरब बसवू शकतो, परंतु पकडले जाण्याची शक्यता अल्प असल्यास तोच दंड व्यवसायखर्चाचा एक भाग बनतो. मर्यादित गस्तीनौका आणि अपुरे मनुष्यबळ यांमुळे कायदा किनाऱ्यावर कडक आणि समुद्रात सैल राहिला, ही तक्रार सर्वच गटांत ऐकू येते. शासकीय गस्त अपुरी पडली, की पारंपरिक मच्छीमार स्वतःच समुद्रात जाऊन एलईडी वा परराज्यातील नौका अडवितात. मालवण परिसरात असे प्रसंग घडले आहेत. यातून संघर्ष उद्भवला, की पोलीस येतात, बैठक होते, आश्वासन मिळते आणि काही काळ गस्त वाढते. नमुना विधेयकातील तिसरा हेतू, म्हणजे सुव्यवस्था, अशा रीतीने प्रत्यक्षात पहिला ठरतो. शांतता भंगल्याशिवाय न्यायाकडे लक्ष जात नाही, आणि शांतता परत आली की ते पुन्हा उडते.

विज्ञानाच्या हेतूबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये राज्यातील मासळीची आवक २.०१ लाख टनांवर आली. ती ४५ वर्षांतील नीचांकी होती. या घटीस अतिमासेमारी, पिल्लांची पकड ही कारणे जशी आहेत, तशीच त्या वर्षी लागोपाठ आलेल्या चक्रीवादळांमुळे बुडालेले मासेमारीचे दिवसही आहेत. तथापि सार्वजनिक चर्चेत प्रत्येक गटाने हा आकडा आपापल्या प्रतिपक्षाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरला. एका वर्षाच्या आवकेवरून एका जाळ्याला दोषी ठरविणे शास्त्रीय नाही. कोणत्या जाळ्याचा कोणत्या जातीवर किती भार पडतो, हे सलग नोंदींतूनच कळू शकते आणि त्या नोंदी मच्छीमारांच्या सहभागाविना शक्य नाहीत.

६. ‘पारंपरिक’ या संज्ञेची मर्यादा

समाजाच्या मतांना महत्त्व द्यावे असे म्हणताना ती मते निर्दोष मानण्याचा धोका असतो. ‘पारंपरिक’ हा शब्द तंत्राचे वर्णन करतो की माणसाचे, हे बहुधा अस्पष्ट राहते. केरळचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथील प्रादेशिक जलधीत पर्ससीन व रिंगसीन यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, केरळ राज्य विरुद्ध जोसेफ अँटनी या प्रकरणात, पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेचा विचार करून वैध ठरविली. परंतु ज्या पारंपरिक समूहांच्या रक्षणासाठी ही बंदी होती, त्यांच्यातीलच अनेकांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून रिंगसीन स्वीकारले होते आणि पुढे ते जाळे त्यांच्या हाती अधिकाधिक मोठे होत गेले. महाराष्ट्रातही मिनी पर्ससीन चालविणाऱ्यांत पिढीजात मच्छीमार कुटुंबे आहेत. कालचा रापणकर आजचा पर्ससीनधारक असू शकतो आणि एकाच घरात दोन्ही मते नांदू शकतात.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक संपत्तीच्या विनाशाचा जो सिद्धान्त मांडला, त्यात वापरकर्त्यांना स्वतःचे नियम नसतात हे गृहीत होते. कवीचे संकेत, रापणीचे वाटे आणि नारळी पौर्णिमेची मर्यादा ही उदाहरणे त्या गृहीताला छेद देतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात अशाच स्वनियमनाच्या अटी शोधल्या. सुस्पष्ट सीमा, वापरकर्त्यांची निश्चिती, परस्परांवर देखरेख आणि वाद मिटविण्याची स्थानिक सोय या त्यांपैकी काही होत. मात्र हाच निकष महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लावला असता स्थानिक नियमांची मर्यादाही उघड होते. कवीचा संकेत गावातल्या गावात टिकला, दोन तालुक्यांमध्ये टिकला नाही. रापणीचा वाटा वाळूवर न्याय्य राहिला, परंतु क्षितिजावरील परराज्यातील नौकेला तो बांधून ठेवू शकला नाही. म्हणजे केवळ शासन अपुरे पडते आणि केवळ समाजही अपुरा पडतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला, जाळ्यांच्या नियमनाविषयी मच्छीमार समाजाचे एक मत नाही. मत जाळ्यानुसार, आणि जाळ्याच्या आतही मालक, खलाशी व विक्रेती यांच्या स्थानानुसार बदलते. सल्लामसलतीची प्रक्रिया ही विविधता नोंदविणारी नसेल, तर ती सर्वात संघटित गटाचे मत ‘समाजाचे मत’ म्हणून नोंदवील.

दुसरा, या सर्व मतांचा समान आशय वाटपाचा आहे. १९७९ च्या नमुना विधेयकाने तो पहिला हेतू म्हणून मान्य केला होता. प्रत्यक्षातील साधने मात्र आस, अंतर, तारीख व दंड यांभोवतीच फिरतात. एका परवान्यामागे किती कुटुंबे जगतात, मासळी कोणत्या हातांतून बाजारात जाते आणि एका खाडीच्या पाण्यावर कोणाकोणाचे जाळे अवलंबून आहे, हे परवाना देताना विचारात घेण्याची तरतूद झाल्याशिवाय पहिला हेतू कागदावरच राहील.

तिसरा, कवींच्या वादासारख्या प्रश्नांत दंडापेक्षा सीमानिश्चिती उपयुक्त ठरेल. संबंधित गावांच्या संस्था, मत्स्यव्यवसाय विभाग व शास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून केलेली आणि ठरावीक मुदतीनंतर तपासली जाणारी सीमानिश्चिती ही वरून लादलेल्या रेषेपेक्षा अधिक पाळली जाण्याचा संभव आहे. त्याच वेळी परराज्यातील नौका व १२ मैलांपलीकडील मासेमारी हे प्रश्न गावपातळीवर सुटणारे नसून त्यांसाठी राज्याराज्यांत समन्वय अपरिहार्य आहे.

चौथा, परंपरेचा आदर म्हणजे परंपरेला सूट नव्हे. डोलीच्या खोल्यात सापडणारी पापलेटची पिल्ले ही पर्ससीनच्या वेढ्याइतकीच चिंतेची बाब आहे. मात्र तिचा उपाय सरसकट आस वाढविण्यात नाही. जवळ्याचा हंगाम व पापलेटच्या पिल्लांचा हंगाम यांतील फरक डोलधारकांना अनुभवाने ज्ञात असतो. त्या ज्ञानाच्या आधारे ठरावीक आठवड्यांत ठरावीक कवी बंद ठेवणे हा मार्ग तपासून पाहण्यासारखा आहे.

ड्रोन समुद्रातील नौका दाखवू शकतो. त्या नौकेतील मासळी किती घरांत जाते हे त्याला दिसत नाही. नियमनाची पुढील वाटचाल टेहळणीच्या साधनांवरच विसंबली, तर तिसरा हेतू अधिक बळकट होईल आणि पहिला अधिक दुर्बळ. ज्या प्रश्नासाठी किनाऱ्यावरील माणसे पन्नास वर्षांपूर्वी रस्त्यावर उतरली, तो प्रश्न आजही अनुत्तरित आहे आणि तो टाळून केलेले कोणतेही नियमन समुद्रात फार काळ टिकण्याची शक्यता नाही.